‘पॉल’ नावाचे पांघरूण

इंग्रजी शब्दांचे अर्थ गाइडातून पाठ करण्याची आपल्या कला शाखेत जुनी परंपरा आहे, आणि मीही तिचाच पाईक. ‘पॉल’ म्हणजे शवपेटीवरचे वस्त्र, पर्यायाने खिन्नतेची छाया, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. (उच्चार ऐकून कुणी वर्गातल्या ख्रिस्ती मित्राला हाक मारू नये!) परंतु या शब्दाचा पिच्छा पुरवला, तेव्हा गाइड किती थोडके सांगते ते कळले.

मूळ लॅटिन शब्द ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. त्यात मरणाचा लवलेश नाही. पोप आर्चबिशपांना लोकरीचा पट्टा देतात तो पॅलियमच. मिस्साच्या वेळी चषकावर ठेवतात त्या चौकोनी झाकणालाही पॉलच म्हणतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द उंची कापडाचा होता. शवपेटीवर तो मागाहून चढला, आणि तिथेही काळाच होता असे नाही. लंडनच्या मासेविक्रेत्यांच्या संघाने सोळाव्या शतकातला आपला पॉल जपून ठेवला आहे, तो चांगला जरतारी आहे. वस्त्राची टोके धरून चालणारे ते ‘पॉलबेअरर’. आता ते पेटीच उचलतात, म्हणजे आपले खांदेकरीच झाले.

वीट येणे या अर्थाचे क्रियापद ‘पॉल’ मात्र वेगळ्या कुळातले, फिके पडण्यावरून आलेले. लंडनचा पॅल मॅल रस्ता तर चेंडू-मोगरीच्या खेळाचा!

या पॅलियमचीच एक लेक म्हणजे ‘पॅलिएटिव्ह’. आमच्या आजोबांना कर्करोग झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता पॅलिएटिव्ह.” घरात त्याचा अर्थ ‘हात टेकले’ असाच लावला गेला. वास्तविक आजार हटत नसला तरी वेदनेवर पांघरूण घालायचे, असा तो उपचार. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच काम करते. मॉर्फिन सुरू झाल्यावर आजोबा रात्रीचे झोपू लागले, चहा मागू लागले.

मराठीत याला ‘उपशामक उपचार’ म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण आमच्या आजीला तो इंग्रजीइतकाच परका. मला विचाराल तर सरळ ‘पांघरूण’ म्हणावे. आमचे एक प्राध्यापक हसले, म्हणाले, “अरे, पांघरूण तर गुन्ह्यावरही घालतात.” घालतात खरे. पण इंग्रजीतले ‘पॅलिएट’सुद्धा दोषावर पांघरूण घालतेच, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तो शब्द टाकून दिला नाही.

हे कुणी आजीला पहिल्याच दिवशी तिच्या भाषेत सांगितले असते, तर पुढचे चार दिवस तिने अन्नपाणी सोडून देवघरासमोर काढले नसते.