पाळण्याचे माप



हैदराबाद शहरात उदगीर-नांदेडकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकी आमच्या धर्मग्रामातील एका घरी, बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी करून देण्यासाठी, आम्ही नुकतेच गेलो होतो. बैठकीत नवा पाळणा मांडलेला होता. पांढराशुभ्र रंग, वर जाळीचा घोस, कठड्याला आतून बांधलेल्या मऊ गाद्या, तीन उशा आणि एक कापडी ससा! जवळच वॉकर म्हणतात ती चाकांची बैठक होती. दोन्ही वस्तू हप्त्यांनी घेतलेल्या.

"बाळ कोठे निजते?" आम्ही विचारले.

"आजीच्या झोळीत, फादर," आई संकोचाने म्हणाली. "पाळणा मळेल ना!"

पुढे कळले की, हप्ते फेडण्यासाठी ती माउली बाळ तीन महिन्यांचे होताच कामावर परतणार होती. आम्हांस हसू आले नाही. वाईट मात्र वाटले. पाळणा बाळासाठी होता की पाहुण्यांसाठी?

सुंदर वस्तूंशी आमचे वैर नाही. मुलाच्या भोवती सौंदर्य असावेच. परंतु त्याचे माप मुलाच्या देहावरून घ्यावयाचे असते. ही गोष्ट डॉ. मारिया माँटेसरी यांनी जगाला शिकविली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथील खुर्च्या व मेजे अशी हलकी करविली की, लहान मूल ती स्वतः उचलू शकेल. कपाटे अशी ठेंगणी की, त्याचा हात पोहोचेल. १९३९ साली त्या भारतात आल्या व महायुद्ध संपेपर्यंत येथेच राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. तेथे शंख, शिंपले, बिया व खडे हेच मुलांचे साहित्य झाले. मुलाचा अभ्यास करण्यास पैसा लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आता त्या पाळण्याकडे वळू. तान्ह्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणे निजवावे, असे आजचे वैद्यक सांगते. उशा, सैल पांघरुणे व मऊ खेळणी जवळ असली, तर नाक दबून श्वास कोंडण्याचे भय असते. कठड्याच्या गाद्यांमुळेही बालमृत्यू घडले. म्हणून अमेरिकेने २०२२ साली कायदा करून त्यांची विक्री बंद केली. दोन गजांमधील अंतर ६ सेंटिमीटरांहून अधिक नसावे, म्हणजे डोके अडकत नाही. वॉकरमध्ये बसलेले मूल क्षणात जिन्याशी वा चुलीशी पोहोचते; कॅनडाने २००४ सालीच त्यावर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते. तरीही कोणी सोबत असावेच.

मात्र जुने ते सारे सोने, असेही आम्ही म्हणत नाही. झोळीत बाळाची मान छातीकडे झुकते व श्वासाला अडथळा होऊ शकतो. रात्रभर निजण्याची ती जागा नव्हे. जुन्या पाळण्याचा रंगही तपासावा, कारण पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि दात येणारे मूल कठडा चावते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दहा लक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली, ती २०१७ साली.

हे सारे आम्ही त्या घरी सांगितले. बाप्तिस्म्यानंतर पुन्हा गेलो, तेव्हा घोस, गाद्या, उशा व ससा कपाटात गेले होते. दुकानदाराने वॉकर परत घेतला, त्यामुळे हप्ता हलका झाला आणि आईने आणखी दोन महिने घरी राहण्याचे ठरविले होते. त्या उघड्या, साध्या पाळण्यात बाळ उताणे, हात पसरून गाढ निजले होते. आजीबाई हलकेच म्हणाल्या, "फादर, बोलू नका. आताच डोळा लागलाय."

आम्ही चहा न घेताच उठलो.