जीपची काच गळते तेव्हा

जुन्या जीपच्या पुढच्या काचेतून पाणी झिरपू लागले की आपण बाहेरून लांबी नाहीतर सिलिकॉन फासतो. माझ्याही हातून ही चूक झाली. पाणी रबराखालीच अडकले, चौकटीचा पत्रा गंजला आणि ओल वायरिंगपर्यंत पोहोचली.

काच उतरवूनच घ्यावी. पत्र्याला भोके असतील तर आधी वेल्डिंग; मग गंज खरवडून प्रायमर व रंग, तोही पुरता वाळू द्यावा. रबर कडक झाले असेल तर नवेच घ्या, तिथे काटकसर नको. काच बसवताना कारागीर रबराच्या खाचेत दोरी घालतो, साबणाचे पाणी लावतो आणि आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवतो. हे घरी करू नये. कोपऱ्यावर जोर पडला की काच तडकते. पैसे देण्यापूर्वी काचेवर बादलीभर पाणी ओतायला लावा.