गरिबांचे कागद आणि आपले कुलूप

माहूरच्या देवदेवेश्वरी श्रद्धेने येणाऱ्या महानुभावांनी शतकानुशतके आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण योजण्याची ही युक्ती चौदाव्या शतकातली. ग्रंथ जपले गेले हे खरे. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ‘लीळाचरित्र’ पारखे झाले आणि अज्ञानातून गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आदी संशोधकांनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा सारी दालने एकदमच उघडली.

हे आठवले ते माहूर-किनवटच्या वनहक्क दाव्यांमुळे. २००६च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. त्यासाठी गोंड, कोलाम, आंध कुटुंबांच्या शिधापत्रिका, जातीचे दाखले, आधारपत्रे, अंगठे उठवलेले जबाब यांची छायाचित्रे कार्यकर्त्यांच्या संगणकात साठतात. तोच संगणक दुरुस्तीला जातो, तोच पेनड्राइव्ह चार हातांत हिंडतो. ‘आपल्याला लपवण्याजोगे काय आहे?’ असे काही मित्र विचारतात. मित्रहो, ते कागद आपले नव्हेत! दुसऱ्याच्या आधारपत्रावर कर्ज उचलणारे आज थोडे नाहीत.

यावर फुकट मिळणारे साधन आहे : जीपीजी. त्याचा पूर्वज १९९१ साली झिमरमन या अण्वस्त्रविरोधी कार्यकर्त्याने लिहिला, हे आपल्या वाचकांना रुचेल. जीपीजीची घडण कोणालाही वाचता येते आणि तरीही कुलूप फुटत नाही. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली पडता कामा नये, हे केर्कहोफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवले होते. सकळ लिपीत युक्ती हीच किल्ली होती. म्हणून एक उलगडा पुरला.

संगणकाच्या टर्मिनलमध्ये रोमन लिपीत ‘जीपीजी’, पुढे उणे चिन्ह जोडून ‘सी’, मग चित्राच्या फाइलचे नाव टंकावे. परवलीचे वाक्य दिले की कुलूपबंद प्रत तयार होते. उघडताना ‘सी’च्या जागी ‘डी’ येतो. मात्र चित्र कोणत्या नावाने साठवायचे ते आधी सांगावे, नाहीतर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा पाऊस पडतो. (पहिल्या दिवशी माझ्याकडून नेमके तेच झाले. अर्थशास्त्राच्या मास्तराला दुसरे काय येणार!) खरा धोका मात्र निराळाच. मूळ छायाचित्र जागच्या जागी उघडेच राहते. ते वेगळे पुसावे लागते, फोनमधूनही. फाइलचे नावही झाकले जात नाही. तेव्हा नावात दावेदाराचे नाव घालू नये, क्रमांक घालावा.

परवलीचे वाक्य हरवले तर ते परत मिळवून देणारे कोणतेही कार्यालय नाही. म्हणून ते एकट्या पुढाऱ्याच्या डोक्यात राहता उपयोगी नाही. असा पुढारी रुसला वा वारला, तर दोन गावांचे दावे त्याच्याबरोबर बंद होतील. किमान दोघांना, त्यांपैकी एक त्या गावच्या वनहक्क समितीतला असावा, ते ठाऊक हवे. आणि कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या हाती त्याच्या कागदांची छापील प्रत पोचली पाहिजे.