हंडी, खापर आणि कागदी द्रोण

हिवाळा सुरू झाला की अमरावती-अकोल्यात प्रदर्शनांचे दिवस येतात. शनिवार-रविवार गाठून एखादे मैदान कनातींनी सजते. एका बाजूला 'हस्तकला', दुसऱ्या बाजूला 'खाऊगल्ली'. संध्याकाळी सातनंतर चक्कर मारावी. खाऊगल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि हस्तकलेच्या रांगेत विक्रेते एकमेकांशीच गप्पा मारत बसलेले असतात. लोकांना कलेची कदर उरली नाही, असा निष्कर्ष काढून आयोजक मोकळे होतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. वऱ्हाडी माणूस हाताने घडवलेली वस्तू आजही हौसेने विकत घेतो; पण तिचे काम काय, हे त्याला आधी कळावे लागते.

याचा पुरावा हवा असेल तर बहिरमला जावे. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यातले हे ठिकाण. २० डिसेंबरच्या सुमारास इथली जत्रा सुरू होते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. बहिरमबुवाचे दर्शन तर घ्यायचेच, पण खरी ओढ असते ती हंडीतल्या मटणाची आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या रोडग्यांची. (याच जत्रेतली पशुबळीची प्रथा मोडण्यासाठी गाडगेबाबांनी जिवाचे रान केले. बळी थांबले, मटण मात्र थांबले नाही!) हे मटण चुलीवर, मातीच्या हंडीतच शिजले पाहिजे, असा तिथला अलिखित कायदा आहे. कुकरातले मटण कितीही चवदार असो, ते बहिरमचे नव्हे. आता हंडी हवी म्हणजे कुंभार हवाच. त्याला कोणी कारागीर म्हणून मंचावर बोलावून शाल-नारळ देत नाही. गिऱ्हाईक हंडी बोटाने वाजवून पाहते, खणखणीत आवाज आला की पैसे मोजते. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या ज्या संताला लोकांनी हातातल्या गाडग्यावरूनच नाव दिले, त्याच्या जिल्ह्यात मातीच्या भांड्याला याहून मोठा मान कोणता हवा?

मांड्यांचेही तेच. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या, आगेमागे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरते. तिथे किंवा बचतगटांच्या कुठल्याही मेळाव्यात पुरणाचा मांडा हातावर फिरवून वाढवणाऱ्या बाईभोवती घोळका ठरलेला. सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर. पण ज्या पालथ्या खापरावर तो मांडा पडतो, ते खापर कोणी घडवले? तव्यावर तो मांडा होणार नाही, हे ती बाई जाणते. तिच्या शेजारी खापरे घडवणाऱ्याला बसवावे, असे आयोजकांना का सुचत नाही? तो बसतो पलीकडच्या रांगेत, रंगवलेल्या फुलदाण्या घेऊन. कारण त्याला 'हस्तकला' आणायला सांगितलेले असते.

दिल्लीत १९९४ साली दिल्ली हाट सुरू झाली, तेव्हापासून हा नमुना देशभर रुजला. कारागिरांना पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस गाळे आणि सोबत राज्याराज्यांचे पदार्थ. कल्पना चांगलीच होती; मधला दलाल त्यामुळे टळला. पण आपल्याकडे नक्कल आली ती दोन वेगळ्या रांगांची. गिलावडा खायचा कागदी द्रोणात, तो फेकायचा, आणि मग शेजारच्या गाळ्यातली टोपली 'काय सुंदर आहे हो' म्हणून परत ठेवायची.

सरकारी हुकमाने हे साधेल, असेही नाही. २००४ मध्ये लालूप्रसाद यादवांनी रेल्वे स्थानकांवर कुल्हडांचा चहा सक्तीचा केला. पुढे काय झाले, हे आपण फलाटावर उभे राहून रोज पाहतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली. जागा घेतली ती अस्तर लावलेल्या कागदाने. पळसाच्या पानांची पत्रावळ रानात पाने असूनही फारशी परतली नाही. वरून आलेल्या भांड्याला चवीचा आधार नव्हता. बहिरमच्या हंडीला तो आहे.

बांबूची गोष्ट थोडी निराळी. निवडलेले धान्य पिशवीतून घरी येऊ लागले तशी सुपाची गरज सरली आणि सूप विणणारा उघडा पडला. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या बांबूला नवे काम शोधून दिले. त्यांच्या बांबूच्या राख्या दूरवर पोचल्या. राखीला ठरलेला दिवस आहे, ती त्या दिवशी हवीच असते. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, पण त्यांनी दाखवलेली वाट कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगाची आहे.

मातीची भांडी महाग पडतात, वाहतुकीत फुटतात, धुवायला पाणी लागते, हे आक्षेप खरेच आहेत. ठेलेवाल्याचा नफा आधीच बेताचा. त्याच्यावर भार टाकून चालणार नाही. पण सगळेच मातीत वाढा, असे कोण म्हणतो? दही मातीच्या मडक्यात लावलेले असावे, रोडग्यांबरोबरची वांग्याची भाजी हंडीत शिजावी, आणि ती हंडी ज्याने घडवली तो दोन हातांवर बसलेला असावा. गाळ्याचे भाडे खाणावळीकडून घ्यावे आणि कुंभाराला जागा फुकट द्यावी. खाणावळीचा धंदा त्याच्या भांड्यावरच तर चालणार आहे. येत्या डिसेंबरात अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या आयोजकाने एवढे करून पाहावे, आणि रविवारी रात्री कुंभाराच्या टोपलीत किती हंड्या उरल्या ते मोजावे.