परवाना जप्त झाला, सुनावणी कधी?

मे १९७६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲक्टन या गावी एका मोटारीची टक्कर झाली. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी चालकाला ठाण्यात नेलं आणि श्वासचाचणी द्यायला सांगितलं. त्याने नकार दिला. वीसेक मिनिटांत वकिलाशी बोलणं झालं आणि तो चाचणीला तयार झाला, पण आता पोलीस तयार नव्हते. पुढे न्यायालयाने फौजदारी खटला काढून टाकला. तरीही त्याचा परवाना नव्वद दिवसांसाठी निलंबित झालाच. राज्याच्या कायद्यात ही कारवाई दारू प्यायल्याबद्दल नव्हती, चाचणी नाकारल्याबद्दल होती.

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७९ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने राज्याच्या बाजूने कौल दिला: आधी निलंबन आणि नंतर सुनावणी, हा क्रम घटनेला धरून आहे. पण त्यामागचं एक कारण आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. परवाना जमा केला की चालकाला निबंधकाच्या कार्यालयात जाऊन त्याच दिवशी सुनावणी मागता येत होती. दाद मागण्याचं दार लगेच उघडं होतं, म्हणून आधीचं निलंबन बहुमताला मान्य झालं.

महाराष्ट्रातल्या नाकाबंदीवर, आरटीओच्या खिडकीवर आणि न्यायालयात रोज जे चालतं, त्याला हाच निकष लावायला हवा.

चाचणी नाकारणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल संदिग्धता नको. रक्तातलं मद्याचं प्रमाण साधारणपणे तासाला १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे. त्यामुळे ४५ मिलिग्रॅमवर पकडलेला चालक तासाभराच्या हुज्जतीनंतर मर्यादेच्या आसपास येतो. नकाराची किंमत शून्य असेल, तर प्यायलेला प्रत्येक शहाणा चालक नकारच देईल. हे ओळखून न्यूयॉर्कने १९५३ मध्ये गर्भित संमतीचा कायदा केला. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने चाचणीला आधीच संमती दिली आहे असं तो कायदा मानतो, आणि संमती मागे घेतली तर परवाना जातो. हळूहळू अमेरिकेतल्या सर्वच राज्यांनी ही वाट धरली.

मात्र या अधिकाराच्या कडाही तिथल्या न्यायालयांनी आखून दिल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेनंतरची श्वासचाचणी वॉरंटशिवाय घेता येते असं ठरवलं, पण वॉरंटशिवाय रक्त द्यायला नकार दिला म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येणार नाही, हेही सांगितलं. परवान्याच्या निलंबनासारख्या दिवाणी परिणामांना त्या निकालाने हात लावला नाही.

निलंबनाला आव्हान देताना तिथे मोजकेच प्रश्न विचारले जातात. पोलिसाकडे संशयाला वाजवी कारण होतं का? अटक कायदेशीर होती का? नकाराचा परिणाम चालकाला सांगितला होता का? आणि त्याने खरोखर नकार दिला का? कॅलिफोर्नियात आदेश हाती पडल्यापासून दहा दिवसांत सुनावणी मागावी लागते; ती संधी हुकली की निलंबन आपोआप लागू होतं. दरम्यान चालकाकडे तीस दिवसांचा तात्पुरता परवाना असतो.

वरवर किरकोळ वाटणारे हे प्रश्न विचारण्याचा हक्क होता, म्हणून काय काय उघडकीस आलं ते पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सीत एका स्पॅनिशभाषक चालकाला नकाराच्या परिणामांचा मजकूर इंग्रजीत वाचून दाखवला गेला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाराबद्दलची त्याची शिक्षा रद्द केली आणि इशारा चालकाला समजणाऱ्या भाषेतच द्यावा लागेल असं बजावलं. त्याच राज्यात २०१८ मध्ये श्वासयंत्रांच्या तपासणीतली एक आवश्यक पायरी वगळल्याचं सिद्ध झालं आणि २० हजारांहून अधिक चाचण्यांवर प्रश्नचिन्ह लागलं. कॅलिफोर्नियात तर परिवहन खात्याचा एकच अधिकारी खात्याची बाजू मांडायचा आणि निकालही द्यायचा. ही दुहेरी भूमिका न्याय्य प्रक्रियेला धरून नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात हजारो मराठी कुटुंबं राहतात. व्हिसावर असलेल्या नोकरदाराचा व्हिसा अशा प्रकरणात नुसत्या अटकेवरूनही रद्द होऊ शकतो, त्यामुळे हे निकाल त्यांच्याही घरापर्यंत पोचतात.

आता आपल्या कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार संशयाला वाजवी कारण असेल, तर गणवेशातला पोलीस श्वासचाचणी मागू शकतो. ती नाकारणाऱ्याने मद्य घेतल्याचा संशय असेल तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते आणि कलम २०४ खाली नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत होता असं सिद्ध होत नाही. नकार देणाऱ्याला अशा निकालाच्या आड लपता येऊ नये, याची सोय कलम २०५ मध्ये आहे. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालय फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानू शकतं.

खरी अडचण परवान्याची आहे. नकाराबद्दल ठरावीक मुदतीचं निलंबन आपल्या कायद्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम २०६(४) नुसार मद्यपान करून गाडी चालवल्याचं मानायला कारण असेल, तर पोलीस परवाना जप्त करून परवाना प्राधिकरणाकडे पाठवतो. चालकाला पोचपावती मिळते, पण परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. पुढे प्राधिकरणाने चालकाचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी नोंदवायची आणि पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवायचं किंवा त्याला मोकळं करायचं. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. पण म्हणणं किती दिवसांत ऐकायचं, याची मुदत या तरतुदीत नाही. म्हणजे शिक्षा रस्त्यावर सुरू होते आणि सुनावणी प्राधिकरणाच्या सवडीने. निलंबनाचा अधिकार परवाना प्राधिकरणाचा आहे, पोलिसांचा नाही, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण परवाना खिशात नसलेल्या रिक्षावाल्याला, टेम्पोचालकाला किंवा कंपनीच्या बसवर काम करणाऱ्याला हा फरक पोट भरायला उपयोगी पडत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच जॉर्जियातल्या एका फिरत्या धर्मोपदेशकाच्या प्रकरणात ही गोष्ट ओळखली होती. तीन ग्रामीण वस्त्यांची सेवा त्याला गाडीनेच करावी लागे. एकदा दिलेला परवाना माणसाच्या उपजीविकेचा आधार होतो, म्हणून योग्य प्रक्रियेशिवाय तो काढून घेता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

यावर हमखास येणारा आक्षेप आहे: दारूड्यांना इतक्या संधी कशाला? मद्यधुंद चालकाने ज्यांच्या घरातलं माणूस मारलं, त्यांचा संताप शंभर टक्के खरा आहे. पण त्या कुटुंबांना न्याय मिळत नाही तो सुनावणी झाल्यामुळे नव्हे. पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्यानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. नमुना कोणी, केव्हा, कुणासमोर घेतला याची चोख नोंद हीच पीडितांची ढाल असते, आणि निरपराध चालकाचीही. नोंदी मागणारी सुनावणी या दोघांच्याही कामाची आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. चाचणी नाकारल्यास किती काळ परवाना जाईल हे कायद्यातच लिहावं आणि तो इशारा मराठीसह चालकाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवून कॅमेऱ्यात नोंदवावा. यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख पावतीवर छापावी. परवाना जप्त झाल्यापासून पंधरा दिवसांत सुनावणी घ्यावी. ती झाली नाही आणि विलंब चालकामुळे नसेल, तर तात्पुरता परवाना द्यावा. मात्र कोणाचा मृत्यू झालेल्या किंवा कोणी गंभीर जखमी झालेल्या अपघातात ही सवलत नसावी. जप्तीशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने निर्णय द्यावा. मोटार वाहन कायदा केंद्राचा असला, तरी सुनावणीचं वेळापत्रक जाहीर करण्यापासून राज्याच्या परिवहन आयुक्तांना कोणी अडवलेलं नाही. पुढच्या ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीआधी ते प्रत्येक आरटीओच्या दारावर लागायला हवं.