चिंतेवर सुईचा उतारा : किती खरा, किती भाबडा?

रात्री दोन वाजता जाग येते. छातीत धडधड सुरू होते, तळहाताला घाम फुटतो, काहीतरी वाईट घडणार असे वाटत राहते. सकाळी ईसीजी काढला तर तो व्यवस्थित, रक्ताच्या तपासण्याही ठीक. डॉक्टर सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ तेवढ्याने टेन्शन जात असते तर दवाखान्यात यावेच लागले नसते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे तर लोक काय म्हणतील याची धास्ती आणि गोळी सुरू केली तर तिची सवय लागेल ही आणखी एक धास्ती. अशा वेळी नात्यातले कुणीतरी सुचवते, ‘अ‍ॅक्युपंक्चर करून बघ, गोळीबिळी काही लागत नाही.’ एकेकाळी गुडघेदुखी, कंबरदुखी आणि सायटिकासाठी ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराकडे आता भीती, चिंता आणि झोप न लागणे या तक्रारी घेऊनही लोक जातात. त्यांना तिथे नेमके काय मिळते, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता. करोनाच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असेही या संघटनेने नोंदवले. भारतात ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण पाऊणच्या आसपास आहे. इतकी मोठी पोकळी असेल तिथे लोक जवळ असलेला आणि लाज न वाटणारा उपचार शोधणारच. सुया टोचून घ्यायला जाताना कुणापासून काही लपवावे लागत नाही, हेही या पद्धतीच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे.

चीनमधून सोलापूर-नागपूरमार्गे

अ‍ॅक्युपंक्चरचे मूळ प्राचीन चीनमध्ये आहे. शरीरातून ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की आजार होतो आणि विशिष्ट बिंदूंवर सुई टोचून तो अडथळा दूर करता येतो, अशी ही मूळ कल्पना. मनगटाच्या घडीवरचा, दोन भुवयांमधला आणि कानाच्या पाळीच्या वरच्या भागातला असे काही बिंदू मन शांत करण्यासाठी वापरले जातात.

भारताशी या पद्धतीचे नाते जोडताना एक मराठी धागाही लागतो. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. कोटणीस तिथेच गेले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते भारतात आणले. पश्चिमेत या पद्धतीचा गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि त्यांनी त्याबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले. त्यांना सुया टोचून भूल दिली होती, असा समज नंतर पसरला. प्रत्यक्षात भूल नेहमीच्या औषधांनीच दिली होती. सुया वापरल्या त्या ऑपरेशननंतरच्या पोटाच्या त्रासासाठी. अ‍ॅक्युपंक्चरबद्दलच्या बऱ्याच चर्चेचे असेच होते. मूळ गोष्ट छोटी असते आणि ऐकीव गोष्ट मोठी होत जाते.

खोटी सुई आणि खरा प्रश्न

एखादी गोळी काम करते का, हे पाहण्यासाठी निम्म्या रुग्णांना खरी आणि निम्म्यांना दिसायला तशीच साखरेची गोळी देतात. सुईच्या बाबतीत हे अवघड आहे, कारण टोचल्याचे रुग्णाला कळते. यावर संशोधकांनी युक्ती काढली. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी टोक आत सरकणारी सुई १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली गेली. टोचल्यासारखे वाटते, पण सुई कातडीत शिरत नाही. काही चाचण्यांत सुया खऱ्या असतात, पण चुकीच्या जागी आणि वरवर टोचल्या जातात.

अशा तुलनेतून जे निघाले ते विचार करायला लावणारे आहे. अर्धशिशीवरील एका जर्मन चाचणीत (२००५) ३०२ रुग्ण होते. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. चुकीच्या जागी टोचलेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते आणि नुसतेच प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांत १५ टक्के. म्हणजे सुया टोचून घेणाऱ्यांना फायदा झाला हे खरे, पण कुठे टोचल्या याने फरक पडला नाही.

हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांच्या गटाने २००८ मध्ये आणखी पुढचा प्रयोग केला. आतड्याच्या ‘आयबीएस’ या तक्रारीच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला काहीच दिले नाही, दुसऱ्याला फारसे न बोलता खोट्या सुया, तिसऱ्याला खोट्या सुयांसोबत आपुलकीने विचारपूस, वेळ आणि धीर. पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. आयबीएस आणि चिंता यांचे जवळचे नाते लक्षात घेता हा प्रयोग इथे महत्त्वाचा ठरतो. शांत खोली, अर्धा-पाऊण तास निवांत पडून राहणे, आपले म्हणणे ऐकून घेणारा माणूस आणि बरे वाटेल ही अपेक्षा, या साऱ्यांचा शरीरावर परिणाम होतो. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्या ओपीडीत नेमके हेच मिळत नाही.

चिंतेबद्दल पुरावा काय सांगतो?

इथे ‘चिंता’ हा एकच शब्द पुरत नाही. ऑपरेशनपूर्वीची धाकधूक ही तात्पुरती अवस्था असते. तिच्यावर कानातल्या बिंदूंचा उपयोग होतो, असे सुचवणाऱ्या चाचण्या २००१ पासून प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या बहुतेक लहान असल्या तरी त्यांचा कल अनुकूल आहे आणि धोका कमी आहे.

सतत, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या चिंताविकाराबद्दल चाचण्या आहेत, पण त्यांच्यात रुग्णांची संख्या कमी, पद्धती वेगवेगळ्या आणि पाठपुरावा अल्पकाळाचा. त्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांचा निष्कर्ष ‘आशादायक, पण ठामपणे सांगता येत नाही’ असाच राहिला आहे. आघातानंतरच्या तणावविकाराबद्दल मात्र एक दखलपात्र अभ्यास आहे. लढाईचा अनुभव घेतलेल्या ९३ अमेरिकी माजी सैनिकांवरची ही चाचणी २०२४ मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त आली. त्यात खऱ्या सुयांचा गट खोट्या सुयांच्या गटापेक्षा सरस ठरला. मात्र खोट्या सुयांच्या गटातही सुधारणा दिसली. एका केंद्रातल्या ९३ जणांवरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही, पण विषय झटकून टाकण्याजोगाही राहिलेला नाही.

सुई टोचल्यावर शरीरात एंडॉर्फिनसारखी रसायने स्रवतात, चेतातंतूंतून संदेश मेंदूकडे जातात, श्वास व हृदयाची गती मंदावू शकते, असे शरीरशास्त्र सांगते. ‘ची’च्या वाहिन्या मात्र शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कुणाला सापडलेल्या नाहीत. उपचाराने बरे वाटणे आणि त्यामागचा सिद्धान्त खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धोका कुठे आहे?

प्रशिक्षित हातात सुईचा धोका थोडा असतो. जर्मनीत २ लाख २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ८.६ टक्के रुग्णांनी काहीतरी त्रास सांगितला. त्यात मुख्यतः थोडे रक्त येणे, काळेनिळे होणे, दुखणे होते. छातीत चुकीच्या खोलीवर सुई गेल्याने फुप्फुसाला इजा होण्याच्या घटना विरळ, पण घडलेल्या आहेत. सुई एकदा वापरून फेकलीच पाहिजे, नाहीतर कावीळ बी आणि सी यांची भीती. सुई पाहूनच चक्कर येणाऱ्यांनी हे आधी सांगावे आणि उपचार आडवे पडूनच घ्यावेत.

मोठा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. थायरॉइड वाढलेला असणे, रक्त कमी असणे, हृदयाचे ठोके अनियमित असणे, यांची लक्षणे हुबेहूब चिंतेसारखी दिसतात. तपासणी न करता सुया सुरू केल्या तर मूळ आजार मागेच राहतो. ‘आता गोळ्या बंद करा’ हा सल्ला तर घातकच. नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

शिवाय भीतीचा स्वतःचा एक स्वभाव असतो. लिफ्टची भीती वाटणारा माणूस जिन्याने जाऊ लागला की भीती मुरते. बोधात्मक वर्तन उपचारात रुग्णाला पायरीपायरीने त्याच भीतीसमोर उभे केले जाते आणि ती ओसरते, हे त्याला स्वतः अनुभवता येते. या उपचारामागचा आणि ठरावीक औषधांमागचा पुरावा अ‍ॅक्युपंक्चरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची चिंताविकारावरील मार्गदर्शक तत्त्वे त्यांचीच शिफारस करतात. दीर्घकालीन वेदनेसाठी मात्र हीच संस्था २०२१ पासून अ‍ॅक्युपंक्चरचा पर्याय मान्य करते. पुराव्याप्रमाणे मत बदलण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मान्यता म्हणजे काय?

केंद्र सरकारने २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. २०१५ च्या या कायद्यात परिषद, शिक्षण आणि व्यावसायिकांची नोंदणी यांची तरतूद आहे. ही गोष्ट रुग्णाच्या फायद्याची आहे, कारण कुणीही उठून सुया टोचू नयेत यासाठी नियम हवेतच. पण मान्यता ठरवते ती उपचार कोणी करावा हे. तो कोणत्या आजारावर लागू पडतो, हे चाचण्यांनीच ठरवावे लागते. भिंतीवरचे नोंदणीपत्र पाटीवरच्या प्रत्येक दाव्याचा पुरावा नसते.

म्हणून अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचेच असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि निदान. व्यावसायिकाची नोंदणी विचारावी, सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. सुरू असलेली औषधे आणि समुपदेशन चालू ठेवावे. किती बैठका, किती खर्च हे आधी ठरवावे आणि सहा-आठ बैठकांत फरक नसेल तर थांबावे. ‘शंभर टक्के बरे करतो’ असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

जगणे नकोसे वाटत असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येते. रात्री दोनला छातीत धडधडते तेव्हा कुठलाच दवाखाना उघडा नसतो; हा फोन मात्र उचलला जातो.