बाळंतिणीकडेही पाहा

‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’ असा निरोप आला की घराची काळजी संपते आणि पेढ्यांची धावपळ सुरू होते. प्रसूती पार पडली म्हणजे संकट टळले, ही समजूत सुशिक्षित घरांतही इतकी दृढ आहे की तिच्याविषयी शंका काढणे अभद्रपणाचे ठरते. परंतु मातामृत्यूंची गणना प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत केली जाते, ती उगाच नव्हे. आमच्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीसाठी सव्वा महिना राखून ठेवला होता; दोन्ही हिशेब जवळजवळ जुळतात. मुदत आम्ही पाळतो. त्या मुदतीत पाहावयाचे काय, हे मात्र विसरलो आहोत.

पाहुणे येतात, बाळ कोणावर गेले याची चर्चा करतात आणि अळिवाचे लाडू ठेवून जातात. बाळंतीण डोके दुखते म्हणाली, तर ‘जागरण झाले असेल’ हे उत्तर तयार असते. पाय सुजला तर वात, कसकस वाटली तर दूध दाटले, रडू आले तर हळवेपणा! ही उत्तरे पुष्कळदा खरी निघतात, हीच अडचण आहे. तीव्र डोकेदुखी थांबत नसेल आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो चढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो. गरोदरपणी रक्तदाब ठीक होता म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तो प्रसूतीनंतर प्रथमच चढून आकडीही येऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती फुप्फुसात गेली की धाप लागते, छातीत कळ येते. ज्या सूतिकाज्वराला व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी हात धुण्याची सक्ती करून आवर घातला, तो आजही नाहीसा झालेला नाही, १००.४ अंशांचा ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव अंगावर काढू नये. तासाभरात पॅड भिजून चिंब होत असेल, तर ‘सकाळी पाहू’ हे शब्द उच्चारूच नयेत. उदासी दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० माता दगावत; २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. रुग्णालयांत होणाऱ्या प्रसूतींचा यात मोठा वाटा आहे. पण रुग्णालय चार दिवसांत घरी पाठविते आणि पुढील पाच आठवडे पहारा घरच्यांचाच असतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर बाळाच्या लसीची तारीख असते. त्याच कागदावर ही लक्षणे स्वच्छ मराठीत आणि मध्यरात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक छापण्याचा नियम महापालिकेने निदान आपल्या प्रसूतिगृहांपुरता करावा. आणि तो कागद केवळ बाळंतिणीच्या हाती देऊन भागणार नाही. रात्री दोन वाजता गाडी बोलवावयाची की नाही, हे बहुधा पती किंवा सासूबाई ठरवितात. त्यांना तो वाचून दाखविल्याखेरीज तिला घरी सोडू नये.